‘आणि नसेल तर?’

विष्णू बंदरावर आला तेव्हा भरती लागत होती आणि मी मचव्याच्या नाळेला तेल चोळत होतो. मचव्याच्या तोंडाशी उभं लाकूड असतं, पाणी कापतं ते, त्याला आम्ही नाळ म्हणतो. “नाखवा, बाबा गेले,” एवढंच तो म्हणाला. शास्त्रीबुवांचा मुलगा तो. मला रडू यायला हवं होतं. आली ती भीती. गेले ते कोण? मी माईंना, त्यांच्या बायकोला, सांगितलं ते खरं होतं का?… याला महिना होत आला. मधल्या काळात विद्वानांनी शास्त्रीबुवांवर छापून आणलं, त्यांचं न्यायशास्त्र केवढं आणि पाठांतर केवढं. छापू देत. मी धुळाक्षरांपुरता शाळेत गेलेला माणूस, पण शास्त्रीबुवांना भांडताना यांच्यापैकी कुणी पाहिलं नाही. मी पाहिलंय.

ते राहायचे कल्याणात आणि शिकवायला जायचे ठाण्याच्या पाठशाळेत. आगगाडी होती की. पण भरतीओहोटीची वेळ जुळली की बुवा उपरणं सावरत बंदरावर हजर. मी म्हटलं, गाडीनं लवकर पोचाल. तर म्हणाले, “डब्यात माणसं गप्प बसतात रे. इथं तू भांडतोस.” आणि भांडण म्हणजे त्यांची कोडी. डोंबिवलीची खाडी आली की पहिलं निघायचं. “नाखवा, मी आत्ता बोलतोय हे खोटं आहे. बोल, खरं की खोटं?” खरं म्हणावं तर खोटं ठरतं, खोटं म्हणावं तर खरं. मी म्हणालो, तुम्ही तोंड मिटा, दोन्ही मिटतं. ते इतके हसले की मचवा हलला. दुसरं कासवाचं. कासव थोडं पुढे सोडलं, तर मागून धावणारा कधीच त्याला गाठणार नाही. तो तिथवर पोचेतो कासव आणखी थोडं सरकलेलं. मी म्हणालो, बुवा, कासव मी हातानं पकडलंय, खोटं कशाला बोलू. माझ्या प्रत्येक उत्तरावर त्यांचं एकच ठरलेलं असायचं, मान तिरकी करून: “आणि नसेल तर?”

पुढची दोन मात्र मला हसवेनात. बाळकुमच्या पुढे मिठागरात मिठाच्या राशी उभ्या असायच्या. त्यातली एक दाखवून म्हणाले, एक कण काढला तर रास राहते ना? आणखी एक काढला तर? असं काढत गेलास तर कुठल्या कणाला रास संपली म्हणशील? मी म्हटलं, मिठागरात कण कोण मोजतो! राशीवर माडाची झापं नीट घातली नाहीत तर पाऊस एका सरीत उत्तर देतो. मग माझ्याच मचव्यावर आले. “फळ्या बदलल्यास, डोलकाठी बदललीस, सुकाणू नवं. हा तुझ्या बापाचा मचवा कसा?” मी चिडलो. आमच्यात मचवा कितीही बदलला तरी जुनी नाळ टाकत नाहीत, विकत नाहीत, चुलीत घालत नाहीत. नव्या अंगाला तीच बसवतात. नाळ तीच, म्हणून मचवा तोच, असं मी ठणकावलं. बुवा वळून नाळेकडे बघू लागले. मग म्हणाले, “खोट्याचं आणि कासवाचं कोडं बोलण्यात अडकतं, नाखवा. तोंड मिटलं की सुटलो. ही दोन तोंड मिटलं तरी चालूच राहतात. एकात माणूस झिजतो, दुसऱ्यात बदलतो. मला या दोघांची भीती वाटते.” इतका शिकलेला माणूस भितो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पुढं दोघांनीही त्यांना गाठलं. आधी श्लोकाचा शेवट सुटायचा. मग बंदराची वाट चुकून ठाकुर्लीकडे सापडले. अजून शुद्ध होती तेव्हा एकदा माझं मनगट धरून म्हणाले, “वैद्य नाडी बघेल. तू मला बघ. तू हेकट आहेस, मन राखायला बोलणार नाहीस. मी उरलो नाही असं दिसलं की माईला सरळ सांग.” मी हो म्हणालो. त्या होनंतर त्यांच्या घराची पायरी चढायची मला दर वेळी भीती वाटली. वादळात सुकाणू धरताना नाही वाटली ती.

शेवटी शेवटी ते माईंनाच ओळखेनात. कोण ही बाई म्हणून ताट भिरकावायचे. एका सकाळी मी नेहमीसारखा पडवीत बसलो, तर माई बाहेर आल्या. कधी माझ्याशी समोर उभं राहून बोलल्या नव्हत्या. कपाळावर ताटाची खोक. “नाखवा, खरं सांगा. परका पुरुष घरात शिरलाय असं वाटतं मला. मी त्याला भरवते, त्याचे कपडे बदलते, आणि भीतीनं हात थरथरतात. विष्णू म्हणतो, तू माहेरी जा, मी माणूस ठेवतो. हे… हेच आहेत ना? नसतील तर मी जाते.”

बुवा आत खांबाला टेकून बसले होते. डोळे काचेसारखे. मी उंबऱ्यापाशी गेलो आणि म्हणालो, “शास्त्रीबुवा, मी आलोय. तुमचा नाखवा.”

त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. ओळख काही दिसेना. मग मान हळूच तिरकी झाली.

“आणि नसशील तर?”

मी वळून माईंना म्हणालो, “हेच आहेत.” माई माहेरी गेल्या नाहीत. शेवटपर्यंत त्यांनीच भरवलं, आणि विष्णू म्हणतो, पुढं त्यांचे हात थरथरले नाहीत.

पण माझे थरथरतात. नुसती नाळ उरली असेल आणि मागे मचवाच नसेल, तर? एका लाकडाच्या भरवशावर मी एका बाईला तिथं बसवून ठेवलं का? भांडायला बुवाही नाहीत. आणि हल्ली मीही भरतीची वेळ चुकतो. परवा धाकट्या नातीला भलत्याच नावानं हाक मारली.

माझा मुलगा नवा मचवा बांधतोय. सुतार म्हणतो, नाळ आतून कुजलीय, पाण्यात टिकणार नाही, नवी घाला. मी नाही म्हणालो. मुलगा म्हणाला, “बा, हट्ट सोडा. ही कधीतरी जायचीच.” रोज सकाळी बंदरावर जातो, बुवा मचव्यात चढताना नाळेवर जिथं हात टेकायचे तिथं बोटानं ठोकून बघतो. आवाज अजून भरीव येतो. म्हणजे मला तरी तसा वाटतो… मग तेल चोळतो, आणि दुसऱ्यांदा ठोकत नाही.