नऊपर्यंत मोजणारं पाणी

ओपलमावशीच्या दुकानात मासे धरायचा रॉड घ्यायला आलात, तर आधी बूट काढावे लागतात. मग ती विचारते, "तुझी बोट पाण्यापासून किती उंच आहे?" शहरातला माणूस असेल तर इथेच गडबडतो. परवा एक दातांचा डॉक्टर आला होता, कॅन्सस सिटीचा. म्हणाला, "बाई, सगळ्यांत भारी असेल तो द्या."

"भारी म्हणजे जड का?" मावशीनं विचारलं. "चढ फळ्यांवर."

दुकानाच्या मधोमध तिनं फळ्या रचून ठेवल्यात, आणि खाली जमिनीवर निळं मेणकापड अंथरलंय. ते कापड म्हणजे पाणी. फळ्या कमीजास्त करून ती तुमच्या बोटीची उंची बरोबर जुळवते. मग हातात रॉड देऊन म्हणते, मार झटके, खालच्या बाजूला, मनगटातून. टोक कापडाला लागलं की रॉड काढून घेते आणि बोटभर आखूड देते. डॉक्टरनं पाच रॉड बदलले. घामाघूम झाला बिचारा.

आमच्या ओझार्कच्या डोंगरातल्या तलावात थंडीत बास मासा सुस्तावून पडतो, तेव्हा त्याला उठवायला जर्कबेटच लागतो. म्हणजे कडक प्लास्टिकचा, वीतभर लांब खोटा मासा, पोटाखाली गळांचे तीन झुबके. दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. खोटा मासा पाण्यात अधांतरी लटकून राहतो, आणि खरा येतो तो त्या थांबण्यातच. त्यासाठी रॉडचं टोक नरम हवं, कंबर घट्ट हवी. रीळ भराभर गुंडाळणारं नको, नाहीतर माणूस नकळत तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ओढत राहतो. तंगूस बारीक हवा, म्हणजे खोटा मासा खोल उतरतो. हे सगळं मावशी एका दमात सांगते आणि शेवटी म्हणते, "पण लांबी चुकली तर बाकी सगळं चुलीत घाल."

हे ती फार महागात शिकलीय.

तिचा नवरा होबर्ट सहा फुटांचा, बोलायला कमी आणि कॉर्नब्रेड खायला पुढे. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला मावशीनं त्याला स्वतःच्या हातानं रॉड बांधून दिला, लाल दोऱ्याचा. माप त्याच्या उंचीवरून घेतलं, दुकानाच्या जमिनीवर उभं करून. त्याची जुनी बोट पाण्याला टेकल्यासारखी बसकी होती, हे तिच्या लक्षातच आलं नाही. रॉड चार बोटं लांब झाला. पहिल्याच दिवशी तिनं दुकानाच्या पाण्याकडच्या खिडकीतून ऐकलं, प्रत्येक झटक्याला टोक पाण्यावर आपटतंय. तिनं विचारलं तर होबर्ट म्हणाला, "मस्त आहे गं रॉड." दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच.

महिन्याभरानं, फेब्रुवारीत, पर्डीच्या बेचक्यात त्याची रिकामी बोट सापडली. तो सापडला नाही. रॉडही नाही.

बेचकं म्हणजे दोन डोंगरांच्या मध्ये शिरलेलं पाणी. तिथलं पाणी हिवाळ्यात काळं दिसतं. शोधणारे चार दिवस गळ टाकत होते, मीही होतो. मावशी दुकानामागच्या धक्क्यावर उभी राहून एकच वाक्य बोलायची, "टोक आपटू नये म्हणून तो मागे वाकला असेल, आणि तोल गेला असेल. मीच ढकललं त्याला." आम्ही समजूत घालायचो. पण खरं सांगतो, आम्हालाही तसंच वाटत होतं.

पुढच्या वर्षी आवाज सुरू झाला.

धुक्याच्या सकाळी, बेचक्याच्या बाजूनं. दोन ठोके, रॉडचं टोक पाण्यावर आपटल्यासारखे. मग शांत. नऊ मोजून झाले की एक ठोका. दोन, नऊ, एक ही होबर्टची चाल होती. मासे धरणाऱ्या प्रत्येकाची थांबायची आपली मोजणी असते, आणि ती बदलत नाही. मी तीस वर्षं लोकांना बोटीतून मासे दाखवत फिरतोय, माझ्या गप्पांवर कुणी विश्वास ठेवत नाही ते बरोबरच आहे. पण तो आवाज मी ऐकलाय. पहिल्यांदा ऐकला तेव्हा इंजिन न लावता वल्ही मारत परत आलो, कारण इंजिनाचा आवाज करायची भीती वाटली.

मावशी मात्र घाबरली नाही. धुकं पडलं की ती धक्क्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसायची आणि एक लांब रॉड घेऊन उत्तर द्यायची. दोन ठोके. नऊ मोजायची, ओठ हलवून. एक ठोका. तिकडून पुन्हा यायचे.

"काय बोलता गं तुम्ही?" मी एकदा हिय्या करून विचारलं.

"तो म्हणतो रॉड लांब आहे. मी म्हणते, हो रे बाबा, चुकलं माझं."

"आणि मग?"

"मग काय? नवराच तो. पुन्हा तेच ऐकवतो."

अकरा वर्षं हे असं चाललं. गावानं मान्य करून टाकलं होतं. धुकं पडलं की चर्चमध्ये कुणी म्हणायचं, आज ओपलमावशी यायची नाही.

या फेब्रुवारीत तो डॉक्टर मला घेऊन पर्डीच्या बेचक्यात गेला. म्हणजे बोट माझीच, हट्ट त्याचा. त्याचा खोटा मासा तळाला अडकला. मी ओढायला घेतलं तर जड काहीतरी हळूहळू वर आलं. शेवाळानं माखलेला रॉड होता, रीळ गंजून गोळा झालेलं. बोटानं चिखल पुसला आणि खाली लाल दोरा दिसला. डॉक्टर म्हणाला, "वा, खजिना!" मी त्याला म्हटलं, गप्प बस.

मावशीच्या पुढ्यात रॉड ठेवला तेव्हा दुपार होत आली होती, पण धुकं हललं नव्हतं. तिनं तो उचलून घेतला. फडक्यानं पुसत पुसत बुडापासून टोकापर्यंत गेली आणि टोकाशी थांबली.

"रॉयस," ती मला म्हणाली, "ही गाठ माझी नाही."

टोकाची, तंगूस ओवायची कडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली होती, वेडीवाकडी, वर डिंकाचा हा एवढा गोळा. मावशीनं रॉड मापाच्या पट्टीवर ठेवला. तिनं बांधला होता त्यापेक्षा चार बोटं आखूड.

"त्यानं कापला," ती म्हणाली. "गाढवानं कापला, आणि मला सांगितलं नाही." ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. "मला वाईट वाटेल म्हणून. मस्त आहे गं म्हणे! मेल्या, सांगायचं होतंस ना रे!"

माझेही डोळे भरून आले. इतक्या वर्षांचा दगड तिच्या छातीवरून उतरताना मी पाहत होतो. तिनं डोळे पुसले आणि धंद्यातल्या माणसासारखी म्हणाली, "चढ फळ्यांवर. तुझी उंची त्याच्याइतकीच आहे. वरच्या तीन काढ, त्याची बोट बसकी होती."

मी चढलो. झटका मारला, मग दुसरा. टोक मेणकापडापासून चार बोटं वरच राहिलं. जोरात मारला तरी लागेना.

"बघ," मी म्हणालो, "आपटतच नाही. तुझ्या रॉडनं काही झालं नाही मावशी. त्याचं काळीज थांबलं असेल, पाय घसरला असेल, काहीही असेल. तुझा दोष नाही."

मी उतरलो तरी ती कापडाकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तेव्हा माझ्याही डोक्यात ते शिरलं.

बाहेर, बेचक्याच्या बाजूनं, दोन ठोके पडले.

आम्ही दोघांनीही मोजलं. नऊ. मग एक.

"रॉयस," मावशी अगदी हळू म्हणाली, "त्याचा रॉड तर आपटत नव्हता. मग अकरा वर्षं मी माफी कुणाची मागत होते?"

तिनं जाऊन खिडकी लावली, कडी घातली, आणि होबर्टचा रॉड मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. डिंकाच्या त्या ओबडधोबड गोळ्यावर अंगठा फिरवत राहिली.

"माझा दोष गेला रे," ती म्हणाली. "पण तोही गेला. आज गेला."

मी तिच्या शेजारी बसलो. धक्क्यावर तिची खुर्ची होती, खुर्चीला टेकवलेला लांब रॉड होता. मावशी उठली नाही. बराच वेळ कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा पुन्हा दोन ठोके पडले, या वेळी धक्क्याच्या अगदी जवळ.