पैलवानांचे बूट

त्यांचा हात मऊ होता. पाण्यात भिजून फुगलेल्या पावासारखा मऊ, आणि घामेजलेला. मी नमस्काराला दोन्ही हात जोडले होते. त्यातला एक सोडवून त्यांनी आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "बाई शिकवत्यात व्हय शाळंत? छान, छान." माझ्या अंगावर काटा आला. तो कौतुकाचा नव्हता, किळसेचा होता. ती किळस संध्याकाळपर्यंत वाढत गेली आणि आज हे लिहितानाही पुरती गेलेली नाही.

हे पैलवान म्हणजे आमच्या घरातलं दैवत. वडिलांनी तरुणपणी अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेत त्यांची कुस्ती पाहिली होती आणि ती ते मरेपर्यंत सांगत राहिले. समोरचा गडी अंगानं दांडगा होता. यांनी त्याला ढाक मारून अस्मान दाखवलं, मग स्वतःच हात देऊन उठवलं आणि त्याच्या पाठीची माती आपल्या फेट्याच्या शेवानं पुसली. ही पाठ पुसायची गोष्ट आली की वडिलांचा आवाज कापायचा. शेवटचं वाक्य ठरलेलं असे, "ह्या माणसानं उभ्या जन्मात नुरा कुस्ती केली न्हाय." नुरा कुस्ती म्हणजे आधीच आपसांत ठरवून, बघणाऱ्यांना उल्लू बनवायला केलेली लढत. आमच्या घरात ही शिवीच होती. धाकट्या भावानं आईला बरं वाटावं म्हणून पत्त्यांचा डाव मुद्दाम सोडला, तरी वडील ओरडायचे, "नुरा करतो व्हय रं?"

आमचं गाव माकणीच्या धरणापासून जवळ. जमीन सगळी काळी, पण मारुतीच्या देवळामागच्या तालमीत मात्र लाल माती. ती लांबून ट्रकनं आणायची, चाळायची, तिच्यात ताक, हळद, तेल मुरवायचं. त्या मातीच्या हौदात चप्पल घालून कुणी पाय टाकला तर तालमीचे वस्ताद कानाखाली आवाज काढायचे. वडील तर तालमीवरून नुसतं जाताना चपला हातात घ्यायचे. आणि बाईमाणसानं हौदाच्या कट्ट्यालासुद्धा टेकायचं नाही. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं आणि त्याचं फारसं काही वाटत नव्हतं, कारण मला कुठं कुस्ती खेळायची होती?

खेळायची होती ती माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला. बारावी झालेली, खांद्यानं रुंद, अबोल पोर. कॉलेजात असताना तालुक्याला मॅटवर शिकली, जिल्ह्यात नंबर काढला. कॉलेज संपलं तसं मॅटही संपलं. रोज येऊन-जाऊन करायला भाऊ तयार नव्हता. राहता राहिली गावातली तालीम. घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि सकाळी उन्हं वर आली की दिवसभर रिकामी. तिनं वस्तादांना विचारलं. वस्ताद म्हणाले, "मी कोण सांगणार? तालमीच्या नव्या छपराच्या उद्घाटनाला पैलवान येणार हाईत. त्येंच्या तोंडून येईल ती गोष्ट खरी." भावानंही तेच धरलं. मला म्हणाला, "अक्का, पैलवान हो म्हणले तर खेळू दे की. मी कशाला आडवा येऊ? न्हाय म्हणले तर मात्र बास. मग स्थळं बघायची." भाचीनं मान हलवली. त्या दिवसापासून ती पोर देव पाण्यात घालून बसली होती.

कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडं. तुळजापूरला मराठी शिकवते म्हटल्यावर माहेरच्या गावात दुसरं कुणाला सांगणार? त्यामुळं मला पाहुण्यांच्या पंगतीजवळ जाता आलं. पंगत होती छप्पर घालून देणाऱ्या पुढाऱ्यांच्या घरी. आमची भाची त्यांच्याच स्वयंपाकघरात भाकरी भाजायला गेलेली, कारण पाहुणे फार आणि हात कमी.

मी आयुष्यात पुष्कळ माणसं जेवताना पाहिली आहेत. नळी फोडणं, चोखणं, यात काही वाईट नाही, आम्हीही खातो. पण पैलवान चोखलेली हाडं ताटात ठेवत नव्हते. ते हात लांब करायचे आणि वाढणाऱ्या बाईनं ओंजळ पुढं करायची. यजमानीणबाई हसत हसत ती उष्टी हाडं झेलत होत्या. मध्येच पैलवानांनी नव्या शालीच्या टोकानं मिशा पुसल्या. ती शाल अजून त्यांना द्यायचीच होती, नुसती बघायला म्हणून हातात दिलेली. रस्सा लागलेली ती शाल नंतर मी व्यासपीठावर 'सन्मानपूर्वक' वगैरे म्हणत त्यांना अर्पण करवली.

तरीही विचारलं. वडिलांचं नाव सांगितलं, अणदूरची कुस्ती सांगितली. ती त्यांना आठवत नव्हती. मग भाचीचं सांगितलं. त्यांनी ढेकर दिला आणि म्हणाले, "अहो येऊ द्या की पोरीला! माती काय कुणाच्या बापाची हाय का? माझी नात खेळती पुण्यात, लई तयार पोरगी. बोलतो मी. काळजी करू नका तुमी." भाची दारात गरम भाकऱ्या घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं. भाकऱ्या पंगतीत न वाढताच ती तशीच आत पळाली आणि आतून बायका तिच्यावर खेकसल्या. मी मनातल्या मनात त्या माणसाला हाडं, शाल, हात, सगळं माफ करून टाकलं.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तालमीत मुंगी शिरायला जागा नव्हती. बायका बाहेर, देवळाच्या भिंतीलगत. मी माइकसकट उंबऱ्यावर, म्हणजे धड आत नाही की बाहेर नाही. फेटे झाले, नारळ झाले. मग पोरांनी आरडाओरडा केला, "पैलवान, एक शड्डू! एक शड्डू!" पैलवान उठले. पायांत काळे चकचकीत बूट. ते तसेच हौदाकडं निघाले.

मला वाटलं आता वस्ताद ओरडतील. वस्तादांनी त्यांचा दंड धरला आणि अलगद मातीत उतरवलं.

बुटांचंही मी सोडून दिलं असतं. साखरेच्या आजारानं त्यांचे पाय सुजले होते, वाकता येत नव्हतं. म्हातारपणी वडिलांचेही सुजायचे. पण शड्डू ठोकण्याआधी त्यांनी तोंडातला गुटखा मोकळा केला. मारुतीच्या तसबिरीखाली, हौदाच्या कोपऱ्यात, लाल मातीत लाल पिचकारी. कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. एक म्हातारा तर हात जोडूनच उभा होता.

त्यांच्या हातात दुसरा माइक दिला. तेवढ्यात पुढारी हौदाच्या कडेवरून वाकून त्यांच्या कानात काहीतरी बोलले. पैलवानांनी मान डोलवली, घसा खाकरला आणि म्हणाले, "पोरींनी शिकावं, साहेब व्हावं, आपली ना न्हाय. पर ही माती म्हंजी हनुमंताची जागा. हितं आयाबहिणींनी पाय टाकू न्हाय. माती बाटती. जुन्या लोकांनी घालून दिलंय ते उगंच न्हाय." आणि टाळ्या पडल्या. मी बाहेर वळून बायकांकडं पाहिलं. आमची भाची भिंतीला टेकून उभी होती आणि शेजारच्या बाया टाळ्या वाजवत होत्या.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. सूत्रसंचालकानं अशा वेळी म्हणायचं वाक्य मला तोंडपाठ आहे: पाहुण्यांनी बहुमोल मार्गदर्शन केलं. मी म्हणाले, "पाहुण्यांनी आत्ताच जेवताना सांगितलं, की पोरीला येऊ द्या, माती कुणाच्या बापाची नाही. त्यांची स्वतःची नात पुण्यात कुस्ती खेळते. पैलवान, उभ्या जन्मात तुम्ही नुरा केली नाही असं आमचे वडील सांगायचे. मग ही कोणती कुस्ती झाली?"

यातलं किती जणांपर्यंत पोचलं कुणास ठाऊक, कारण 'मग ही'च्या आसपास माइक बंद पडला आणि कुणीतरी हलगीवाल्याला खूण केली. हलगी कडाडली. पण 'नुरा' हा शब्द त्यांना ऐकू गेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं चिडतील, निदान शरमतील. ते हसले, पोट हलवत, मनापासून. "बाई लई तेज हाईत!" असं पुढाऱ्यांना म्हणाले आणि दोघंही हसले. त्या हसण्याइतकं ओंगळ मी त्या दिवसात काही पाहिलं नाही, आणि पिचकारीही पाहिली होती.

मी माइक खाली ठेवून निघाले. तालमीच्या पायरीशी पोचले तोवर आतून छायाचित्रकाराचा आवाज आला. पेपरात द्यायचा फोटो होता आणि त्यात एखादी मुलगी हवी होती. "ती खेळाडू पोरगी कुठाय? बोलवा तिला. पैलवानांसंगं उभी करा." मला वाटलं, वस्ताद तरी आडवे येतील. वस्तादांनीच बाहेर येऊन तिला हाक मारली.

भाचीनं चपला काढल्या. हौदाच्या कडेला वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि आत उतरली. पैलवानांनी तिच्या खांद्यावर तो हात ठेवला. फोटो झाला. तिला बाहेर काढलं. माझ्या डोळ्यासमोर हे सगळं एवढ्या पटकन घडलं की मी पायरीवरून हललेही नाही.

रात्री मी माहेरीच राहिले. सकाळी देवळात गेले तेव्हा तालमीचं दार उघडं होतं. वस्ताद तांब्या घेऊन हौदाच्या मधोमध गोमूत्र शिंपडत होते. जिथं भाची उभी राहिली होती तेवढीच माती खोऱ्यानं उकरून एका घमेल्यात काढून ठेवलेली. त्या खड्ड्याशेजारीच पैलवानांच्या बुटांचे ठसे होते. त्यांच्याभोवती विटा मांडल्या होत्या. कुणी पाय देऊ नये म्हणून. वर हळदकुंकू वाहिलेलं, एक झेंडूचं फूल. कोपऱ्यातली पिचकारी तशीच, वाळून काळी पडलेली.

"वस्ताद," मी म्हणाले, "बूट चालतात?"

"बाई, त्ये पैलवान हाईत," ते म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. खोटं बोलत नव्हता तो माणूस, हेच जास्त घाण वाटलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात. पण डोंगर जवळून पाहिल्यावरही लोक त्याला हळदकुंकू वाहतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी देवळात न जाताच माघारी फिरले.

घरी भाऊ ओट्यावर मोबाइल घेऊन बसला होता. फोटो कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकला होता. दोन बोटांनी तो मोठा करून, सरकवून, भाऊ कापत होता. "हे बघ अक्का. स्थळांना पाठवायला हाच बरा हाय. पैलवानांसंगं हाय म्हणल्यावर घराण्याचं वजन पडतंय." त्यानं खालचा भाग कापून टाकला होता. भाचीचे अनवाणी पाय, पैलवानांचे बूट, माती, सगळं गेलं. कमरेच्या वर ती आणि ते, पाठीमागं झेंडूची माळ. "केस बारके दिसत्यात जरा," तो म्हणाला, "वाढतील की."

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मग फोटो पाठवला. त्याच्या मते त्यानं दिलेला शब्दच पाळला होता. पैलवान न्हाय म्हणले होते.

भाची मागच्या दारी धुणं पिळत होती. चादर एकटीनं पिळायची तिची ताकद बघत मी उभी राहिले. शेवटी तिनंच विचारलं, "तालमीकडं गेल्तीस व्हय?"

"गेले होते."

तिनं चादर झटकून दोरीवर टाकली आणि तिच्या आडून म्हणाली, "आत्या, तू बोललीस आन् मग त्येंनी मला आत बोलावलं ना, तवा मला वाटलं, हो म्हणले."