मामांचं गिरीक

आमच्या मामांनी शांततेसाठी जेवढा आरडाओरडा केला, तेवढा कर्जतपासून खालापूरपर्यंत कोणी भांडणासाठीही केला नसेल. मी त्यांचा सख्खा भाचा आणि वर रेल्वेच्या मालधक्क्यावर त्यांच्याच हाताखाली कारकून. त्यामुळे दिवसा कचेरीत आणि संध्याकाळी बाजारात, दोन्हीकडे मान खाली घालायची पाळी माझ्यावर यायची. माणूस मनानं लोण्यासारखा, पण राग असा की घाट चढायला कर्जतला गाडीमागं जादा इंजिन लावतात, तसं त्यांच्या रागालाही मागून कोणी ढकलतंय असं वाटावं. पोत्याची गाठ सैल निघाली की राग, विड्यात चुना जास्त पडला की राग. एकदा छत्री उघडेना म्हणून त्यांनी भर स्टेशनात त्या छत्रीची खरडपट्टी काढली होती, आणि पुण्याच्या गाडीतले उतारू खिडक्यांतून डोकी काढून ऐकत होते.

या रागावर मामांनी ग्रीक भाषा हा उपाय काढला होता. मुंबईत मिशनच्या कॉलेजात असताना एका म्हाताऱ्या पाद्रीसाहेबानं त्यांना ती शिकवली होती. राग आला की शांततेचा एखादा इंग्रजी शब्द पकडायचा, ‘सिरीन’ म्हणा, ‘कंपोजर’ म्हणा, आणि तो ग्रीकमध्ये न्यायचा. मग डोळे मिटून त्याच्या साऱ्या विभक्ती चालवायच्या. विभक्ती संपेपर्यंत राग उतरतो, असा त्यांचा सिद्धांत. मामी वैतागून म्हणायच्या, “अहो, शांतच व्हायचं तर मराठीत व्हा ना! लोक हसतात.”

मामा म्हणायचे, “मराठीत शांततेचा शब्द शोधायला गेलं की त्याच्या शेजारच्या घरातून शिवीच बाहेर येते. इंग्रजीत तो साहेबाचा हुकूम होतो. ‘बी क्वायट’ ऐकलं की माझं डोकं आणखीच फिरतं. ग्रीकमध्ये मला एक शिवी येत नाही, आणि त्या भाषेत मला हुकूम सोडणारंही कोणी नाही.”

युक्तिवाद बिनतोड होता. अडचण एवढीच, की हे शब्द मामा मनातल्या मनात म्हणत नसत. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या आणि तोंडानं गडगडाट, “हेसुखिया! अताराक्सिया!” ते ऐकलं की मालधक्क्यावरचे हमाल पोती टाकून ओरडायचे, “पळा रं, मामा गिरीक बोलाया लागलं!” सगळ्या शब्दांचा अर्थ शांत, निवांत, निश्चिंत असा, आणि ते कानावर पडले की अर्धं कर्जत दाराआड जायचं. एकदा भाजीवालीनं वजनात काही केलं असा मामांना संशय आला आणि ते तिच्या पाटीसमोर डोळे मिटून “गलेने, गलेने” करू लागले. ती बिचारी हात जोडून म्हणाली, “मामा, शिव्या द्या, पन आपल्यातल्या द्या. ह्या परक्या शिव्यांनी पोटात गोळा येतो.”

“बाई, ही शिवी नाही. समुद्र शांत झाला, असा याचा अर्थ आहे.”

“आन कर्जतात समुद्र कुटं हाय?” ती म्हणाली, आणि सारा बाजार हसला. मी भाजीची पिशवी तोंडापुढं धरून घरी आलो.

मामांना एकुलती एक मुलगी, यमू. तिचं लग्न लोधिवलीच्या एका भातशेतीवाल्या घरात ठरलं. हळदीच्या दिवशी ती पडवीत आली आणि खाली बघत म्हणाली, “बाबा, उद्या तेवढं गिरीक नको हं. सासरची माणसं असतील, मला लाज वाटेल.” मी तिथंच पत्रावळी पुसत बसलो होतो. लाज मलाही वाटत होती, म्हणून मीही मान हलवली. मामांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, “नाही बोलत.”

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि पंगत बसली. व्याह्यांनी पहिला घास उचलला, भाताचं शीत चिमटीत दाबून पाहिलं आणि सहज म्हणाले, “व्याही, तांदूळ नवा दिसतो.” आमच्या मुलखात लग्नाला जुनाच तांदूळ लागतो, नव्याचा चिकट गोळा वाढला म्हणजे यजमानाचं नाकच कापलं गेलं. मामांनी तर तो तांदूळ मागच्या हंगामापासून जपला होता. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी यमूकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. क्षणभरानं ते उघडले तेव्हा बाहेर आलं ते अस्सल मराठी: “मग उठा पानावरून!”

जेवत्या पानावरून दारच्या कुत्र्यालाही कोणी हाकलत नाही. व्याह्यांनी हातातला घास पानात ठेवला आणि ते उठले. त्यांच्यामागून सगळं वऱ्हाड उठलं. त्याच संध्याकाळी यमू सासरी गेली, ती परत आलीच नाही. दिवाळसणाला धाडली नाही, मंगळागौरीला नाही. मामी मामांना नाही नाही ते बोलल्या. “एरवी छत्रीलासुद्धा गिरीक ऐकवता, त्या दिवशी कुठं गेलं होतं ते?” यमूनंच नको म्हटलं होतं, याचं मामांनी नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. नखं बघत बसलो. तेव्हापासून मामा कुठल्याच पंगतीला बसले नाहीत. कोणाचंही कार्य असो, हातात भाताचं पातेलं घेऊन वाढत फिरायचे आणि शेवटी चुलीपाशी उभ्यानं चार घास खायचे. लोकांना वाटायचं, ही आणखी एक लहर.

दोन दिवाळ्या गेल्या आणि यमूला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण त्या घरातून तिला मागायची कशी? मामींनी अन्न टाकलं. शेवटी मामांनी बैलगाडी जुंपायला सांगितली आणि मला म्हणाले, “चल. एकट्यानं लाज वाटते.”

लोधिवलीला व्याह्यांनी आम्हांला ना हाकललं ना बोलावलं. आम्ही बराच वेळ अंगणात उभे. जेवणाची वेळ झाली तेव्हा आतून हाक आली, “या, पान वाढलंय.” मामा आत गेले, घरच्या साऱ्या माणसांदेखत पाटावर बसले आणि हात जोडून म्हणाले, “व्याही, आधी मला या पानावरून उठवा. सगळ्यांसमोर उठवा. आणि मग माझ्या मुलीला आठ दिवस तरी धाडा.”

व्याही म्हणाले, “पानावरच्या मानसाला उठ म्हनायला माज्या बापानं मला शिकवलं नाय. तुमच्या बापानं शिकवलं आसंल.”

मामांचा बाप म्हणजे माझे आजोबा. मामांचा चेहरा चढत गेला, मानेच्या शिरा तटतटल्या, ओठ थरथरू लागले, पण शब्द फुटेना. यमूला दिलेला शब्द त्यांनी अजून धरून ठेवला होता. मराठी दातांमागं, ग्रीक घशात. आता काय बाहेर पडतं या भीतीनं मी पाटाचा कोपरा घट्ट धरला.

तेवढ्यात यमू भाताचं पातेलं घेऊन दारात आली. अवघडलेली, डोळे भरलेले. “बाबा, म्हणा,” ती म्हणाली. “तुमचं गिरीक म्हणा. मीच नको म्हटलं होतं ना? आता मीच सांगते. मोठ्यानं म्हणा.”

आणि मामांनी लोधिवलीच्या त्या माजघरात, शाळेतल्या मुलासारखं ताठ बसून, “गलेने” हा शब्द पहिल्या विभक्तीपासून शेवटच्यापर्यंत म्हटला. मधे दोनदा हुंदका आला, तिथून परत सुरुवात केली. कोणी हसलं नाही.

“काय म्हनत्यात?” व्याह्यांनी सुनेला विचारलं.

“समुद्र शांत झाला, असं.”

“लई येळ लागला म्हनायचा,” व्याही म्हणाले. मग यमूच्या हातातलं पातेलं घेऊन त्यांनी स्वतः मामांच्या पानात भात वाढला. “जेवा. पोरीला आजच घेऊन जावा. पन तुमच्या घरी पानावर मी परत बसनार नाय, व्याही. ते माज्याच्यानं व्हायचं नाय.”

“बरोबर आहे,” मामा म्हणाले आणि जेवले.

यमू आली, नातू झाला, येणंजाणं सुरू झालं. व्याही कर्जतला यायचे, पडवीत बसायचे, पाणी घ्यायचे आणि उठायचे. मामा त्यांना एका शब्दानं आग्रह करत नसत. मात्र दरसाल ते एक लहान कणगी निवडलेल्या तांदळानं भरून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवायचे आणि वर्ष उलटलं तरी तिला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. “जुना होऊ दे,” एवढंच म्हणायचे.

मामांच्या तेराव्याला ती कणगी फोडली. पंगत बसायच्या वेळी लोधिवलीचे व्याही पायऱ्या चढून आले, काही न बोलता ओळीत जाऊन बसले आणि यमूनं त्यांना भात वाढला. त्यांनी एक शीत चिमटीत दाबून पाहिलं. “तांदूळ जुना हाय,” ते म्हणाले, आणि मान खाली घालून पानातलं शीत न् शीत वेचून खाल्लं. पंगत उठली, उष्टी निघाली, तरी ते रिकाम्या पानासमोर बसून होते. त्यांना उठा म्हणणारा माणूस त्या घरात राहिला नव्हता.