बुरख्याचा खिसा
शिवणाच्या मशीनला तेल घातलं की त्या वासाबरोबर अम्मी आठवते. मुरुडला आमच्या खिडकीतून खारा वारा यायचा आणि मशीन सारखं गंजायचं, म्हणून ती दर जुम्याला त्याला तेल घालायची. अख्ख्या मोहल्ल्याचे बुरखे ती शिवायची, स्वतः मात्र डोक्यावर पदर घेऊनच बाजारात जायची. मी बारावीत असताना तिला म्हटलं, मलाही एक शिवून दे. पायडलवरचा तिचा पाय थांबला. "मी न्हाय शिवनार. डोक्यावर पदर हाय, तेवढा अल्लाला पुरतो." "तुला पुरतो, अम्मी. मला बुरख्यात बरं वाटतं. कुणी सांगितलं म्हणून न्हाय मागत." दोन दिवस ती गिऱ्हाइकांचेच बुरखे शिवत बसली. तिसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर खाटेवर काळा बुरखा इस्त्री करून ठेवलेला. घालून बघितला तर उजवीकडे आतून खोल खिसा, आणि त्यात घराची चावी. "गिऱ्हाइकांच्या बुरख्याला कुठं असतो खिसा?" मी विचारलं. "त्या मागत न्हाईत," दातानं दोरा तोडत अम्मी म्हणाली. "तू घाल. पण कुठं जायचं नि कवा परतायचं, ते दुसऱ्याच्या हातात देऊ नको." आता ते मशीन माझ्याकडे आहे आणि मी अजून बुरखा घालते. माझी मुलगी घालणार नाही म्हणते. महिनाभर मी तिच्याशी भांडले. काल मशीनला तेल घातलं आणि तिच्या नव्या कुर्त्याला खिसा लावायला बसले.