अण्णांनी सांगितलेलं अर्धं

“पिंजरा म्हणू नका हो, खोली म्हणा खोली!” असं म्हणताना आमच्या शेजारचे अण्णा हात असा पुढे करत, की वाटावं, आपल्यालाच आत बसायला सांगताहेत.

बायको वारल्यावर उदगीरचं दुकान भावाच्या हवाली करून ते नांदेडला आमच्या गल्लीत राहायला आले. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि मागे मागे बंडू नावाचं तांबूस कुत्रं. हैदराबादच्या लेकीनं बंडूसाठी जाळीचा पिंजरा पाठवला, तेव्हा अण्णा फोनवरच भडकले. “मुक्या जिवाला जेलात घालू का मी?”

लेक म्हणाली, “दार लावूच नका, बाबा. आत गोधडी टाका, भाकरी तिथंच द्या. रागानं कधी आत ढकलू नका. बाकी त्याचं त्याला कळतं.”

आणि कळलं की! दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटले की बंडू पलंगाखाली थरथर कापायचा. त्या वर्षी तो आपणहून पिंजऱ्यात गेला, गोधडीत तोंड खुपसून चक्क झोपला. अण्णांनी मला खुणेनं बोलावलं. “बघा, कसा निजून राहिला. त्याला त्याची जागा घावली.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एखादी गोष्ट आपल्याला लाभली, की साऱ्या गल्लीला लाभलीच पाहिजे. समोरच्या घरात बँकेत नोकरी करणारं एक जोडपं होतं. त्यांच्या ब्रुनो नावाच्या कुत्र्यानं सोफा फाडला, तर अण्णा स्वतः त्यांच्यासोबत जाऊन पिंजरा घेऊन आले.

एका दुपारी अर्धापूरची केळी द्यायला ते तिकडे गेले. घराला कुलूप. खिडकीतून पाहिलं, तर ब्रुनो पिंजऱ्यात, कडी लावलेली, पाण्याचं भांडं उपडं. जाळीवर घासून घासून नाक सोललेलं. अण्णांना पाहूनही तो भुंकला नाही.

संध्याकाळी ते मला घेऊन पुन्हा गेले. बाई ओशाळल्या. नवरा म्हणाला, “अण्णा, तुम्हीच तर म्हणाला होता ना, कुत्र्याला आत बरं वाटतं?”

अण्णांनी हात जोडले. “म्या अर्धंच सांगितलं, बाबा. बाहेर येता येत असलं, तर आत बरं वाटतं. दिवसभर माझ्याकडं ठिवा त्याला.”

ती माणसं वाईट नव्हती. लगेच कबूल झाली.

ब्रुनो पिंजऱ्यासकट अण्णांच्या अंगणात आला. अण्णांनी दार बिजागरीतून काढून भिंतीला टेकवलं. तरी ब्रुनो आपणहून बाहेर येईना. उंबऱ्याशी यायचा आणि नसलेल्या दाराकडे बघत बसायचा. अण्णा भाकरीचा तुकडा घेऊन समोर बसत. “ये की रे. कुणी न्हाई अडवत.” कितीतरी दिवसांनी तो बाहेर आला आणि अण्णांच्या पावलावर हनुवटी ठेवून पडला. अण्णा हललेच नाहीत. पाय बधिर झाला तरी.

पुढं त्या जोडप्याची बदली झाली. सामानाचा टेम्पो आला. धावत्या गाडीत कुत्रं मोकळं ठेवता येत नाही, म्हणून दार परत बसवायचं ठरलं. ते काम अण्णांनीच केलं. “गाडीत लावावंच लागतं,” असं मला दोनदा म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

ब्रुनो शेपूट हलवत आपणहून आत गेला. अण्णांनी कडी घातली आणि जाळीतून बोटं घालून त्याच्या कानामागे खाजवत राहिले. “पोचल्या पोचल्या उघडा बरं का,” ते म्हणाले. “हो हो, अण्णा!” म्हणत जोडपं गाडीत बसलं.

नंतर अण्णा त्यांना फोन करत. कधी उचलला जाई, “नंतर बोलू” म्हणून ठेवला जाई. हळूहळू उचलणंही थांबलं. गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. बंडूला लेक घेऊन गेली. नव्या गावात त्या ब्रुनोचं दार कुणी उघडलं की नाही, हे अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही.