एकटी पुरी मिळणार नाही

दादारावांच्या हातचा पहिला घास मी दुधात बुडवून खाल्ला. दोष माझ्या डोळ्यांचा. पिवळं, मऊ, डाळ भरलेलं काही समोर आलं की आमच्याकडचा माणूस त्याला पुरणपोळीच समजणार. मी चहावाल्याकडून गरम दूध मागवलं, ऐटीत ओतलं आणि मोठा घास घेतला. आत मीठ, जिरं आणि हिरव्या मिरचीची जहाल चटणी! माझा चेहरा पाहून दादाराव शांतपणे म्हणाले, "साहेब, आमच्या बेटावर लहान लेकरू बी असं करत न्हाई."

त्यांचं बेट म्हणजे मॉरिशस. माणूस मूळचा कुरुंद्याचा, सूतगिरणीतला फिटर. नव्वदच्या दशकात तिकडच्या कापड कारखान्यात गेला आणि काही वर्षांनी परतला, तो यंत्रांबद्दल चकार शब्द न काढता फक्त खाण्याबद्दल बोलतच. "चिन्याच्या कढईतल्या शेवया, मुसलमान चाचाची बिर्याणी, तमिळ बाईचं लोणचं. अन् डाळपुरीवाली नावानं मराठी, पण बोलली की एक शबुद कळंल तर शपथ! दुपारी सगळे एकाच रस्त्यावर उभ्यानं खाऊन राहिले. उभ्या माणसाला पंगत नसते, साहेब."

हीच डाळपुरी त्यांनी आमच्या बसस्टँडच्या दारात हातगाडीवर सुरू केली. बेटाचा नियम इथंही कडक: पुरी जोडीनंच मिळणार. एकावर एक ठेवायच्या, मध्ये वालाची उसळ, टोमॅटोची चटणी, आणि कागदात गुंडाळी. मी त्या स्टँडचा कंट्रोलर. गाड्या वेळेवर आणणं माझ्या हातात नव्हतं. त्या येणार नाहीत हे भारदस्त आवाजात सांगणं होतं.

वासानं लोक हातगाडीपर्यंत यायचे. नाव विचारायचे, गाव विचारायचे, मग आडनाव. दादाराव बौद्ध. आडनाव कळलं की काही जणांना अचानक बस आठवायची. तेवढ्यात कारखान्यातून पुन्हा बोलावणं आलं. महिनाअखेरपर्यंत होकार-नकार कळवायचा होता. "तिथं जाऊन पोटभर खाईन," ते म्हणायचे, "पण मला इथं खाऊ घालायचं होतं."

एका दुपारी बाळापूरची बस उशिरा असल्याची घोषणा मी केली आणि माइकचं बटण बंद करायला विसरलो. दादाराव माझी पुऱ्यांची जोडी घेऊन माझ्या खोलीत आले.

"काहून गप्प?" मी विचारलं.

"हातगाडी विकून टाकतो म्हणतो. काल एकानं घास तोंडापाशी नेला अन् आडनाव इचारलं. पुरी तशीच ठेवून गेला."

"नशीब फुटकं त्याचं!" मी भरल्या तोंडानं गरजलो. "अहो, आमच्या हिच्या पुरणपोळीला जन्मात ही चव यायची नाही!"

माझं वाक्य भोंग्यातून सगळ्या स्टँडभर घुमलं. माझा सख्खा मेहुणा बाकावर बसलेला होता, हे मला घरी गेल्यावर, ताट वाढलं गेलं नाही तेव्हा कळलं.

तेवढ्यात खिडकीत तांड्यावरची एक म्हातारी आली. "ओ कंट्रोलर, कवाधरनं मचमच ऐकून राहिलो आमी. मला बी एक द्या म्हणा."

दादाराव लगबगीनं हातगाडीपाशी गेले, मागोमाग मीही. पण नियम म्हणजे नियम. "एकटी न्हाई देत, मावशी. जोडीच."

"दोन कुठं मावत्यात रं या पोटात?" ती वळली आणि बाकावरच्या पटकेवाल्याला म्हणाली, "ओ पाटील, एक तुमी घेता का?"

सगळा स्टँड पाटलाकडे पाहू लागला. त्यानं बाळापूरच्या रस्त्याकडे पाहिलं. बस दिसेना. माझ्या उशिरा येणाऱ्या गाड्यांनी केलेलं हे एकमेव पुण्यकर्म. शेवटी तो उठला, हातगाडीपाशी उभा राहिला आणि हात पुढे करून पुटपुटला, "चटणी जादा टाक."

पुरी देऊन दादाराव माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "कालचा हाच."

कारखान्याला नकार गेला. सगळेच आले असं नाही. काही जण शेवटपर्यंत बिस्किटांवरच प्रवास करत राहिले. पण एकेक पुरी हवी असलेली अनोळखी माणसं तिथं रोज जोडीदार शोधू लागली. "आमचं बेट" म्हणताना दादारावांचा हात आता स्टँडकडे जायचा.

काही वर्षांनी माझी बदली झाली. निघताना दादारावांनी गरम जोडी हातात दिली आणि कुठंतरी गायब झाले. मला जरा वाईट वाटलं. बसमध्ये खिडकीशी बसलो. शेजारी एक अनोळखी गृहस्थ. मी त्यांच्याकडे पाठ केली, कागद हळूच उघडला आणि दोन्ही पुऱ्या एकदम तोंडाकडे नेल्या.

तोच भोंगा खरखरला. माझ्याच माइकवर दादाराव होते.

"साहेब, आमच्या बेटाचा नियम इसरू नका. एक शेजारच्याला द्या."

सगळी बस माझ्याकडे वळली. शेजाऱ्यानं तर हात केव्हाच पुढे केला होता.