साहेब ग्रोकतात

पाण्याचे मीटर दुरुस्त करण्याच्या कार्यशाळेत एक फिटर होते. सगळे त्यांना शब्दकाका म्हणत. रोज सकाळी दाढी करता करता जाडजूड कोशातला एक इंग्रजी शब्द पाठ करायचा आणि संध्याकाळच्या आत तो कुणाच्या तरी गळ्यात मारायचा, हा त्यांचा नेम. चहा देतानाच बायको विचारायची, "आज कुणाची पाळी?"

एके दिवशी 'ग्रोक' हे क्रियापद सापडलं. कुणी जेवत असताना आपल्यालाही मिळेल या आशेनं मुकाट बघत राहणं. काकांचा वस्तरा गालावरच थबकला. अरे, हे तर आपले साहेब!

साहेबांना पथ्य होतं. त्यांच्या डब्यात रोज उकडलेल्या बिनमिठाच्या भाज्या. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत ते पाठीमागे हात बांधून कामगारांच्या टेबलाशी उभे राहत आणि तळलेल्या माशावरून नजर म्हणून हटवत नसत.

दुपारपर्यंत शब्द पार मराठी होऊन गेला. "चला, साहेब ग्रोकायला येतील!" कुणीतरी म्हणालं. वेल्डरबाई म्हणाल्या, "आमचा कुत्राही ग्रोकतो, पण तो निदान शेपटी तरी हलवतो."

साहेब नेमके मागेच उभे. "ग्रोकणं म्हणजे काय हो?"

काकांना ऐन वेळी कोशातला दुसरा अर्थ आठवला. "करडी नजर ठेवणं, साहेब!"

साहेब एकदम खूश. पुढच्या आठवड्यात मुख्य कचेरीतून मोठ्या बाई ऐन जेवणाच्या सुट्टीत तपासणीला आल्या, तेव्हा छाती काढून म्हणाले, "मॅडम, मी रोज जातीनं ग्रोकतो. घरी गेल्यावर शेजाऱ्यांवरसुद्धा!"

"शेजाऱ्यांवरसुद्धा?" बाईंना हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी पहिला अर्थ सांगून टाकला.

साहेबांनी काकांकडे पाहिलं.

"दोन्ही अर्थ खरे आहेत, साहेब," काका चाचरत म्हणाले, "आणि तुम्हाला दोन्ही लागू पडतात."

साहेब लालबुंद झाले. तेवढ्यात वेल्डरबाईंनी माशाची एक तुकडी पुढे सरकवली. "बसा हो साहेब, उभ्यानं किती दिवस बघणार?"

साहेब बसले. पहिल्या घासाला त्यांचे डोळे मिटले. दुसऱ्या घासाला त्यांनी स्वतःचा डबा काकांपुढे ढकलला. "हा तुम्ही संपवायचा. रोज."

महिन्याभरात काकांची पँट कमरेवर टिकेना. बायकोला वाटलं, माणूस अभ्यासानं वाळला. तिनं कोश उचलून माळ्यावर टाकला.